बाळाच्या पोटाची किंवा छातीची भिंत जुळली नसेल तर: स्कॅनपासून घरी येईपर्यंत

अ‍ॅनोमली स्कॅनच्या रिपोर्टवर ‘ऑम्फॅलोसील’, ‘एक्टोपिया कॉर्डिस’ किंवा ‘पेंटॅलॉजी ऑफ कँट्रेल’ असे काही दिसले की घरातले कुणीतरी लगेच मोबाईलवर ते नाव शोधते आणि समोर येतात ते नेमके सगळ्यात वाईट फोटो. ते बंद करा. या दोषांमध्ये नुसत्या नावावरून फार थोडे कळते. आठवड्याभरात टाके घालून घरी गेलेले बाळ आणि पहिला दिवसही न काढलेले बाळ, दोघांच्या कागदावर एकच नाव असू शकते. खरा फरक करणाऱ्या गोष्टी चार-पाचच आहेत: पिशवी आहे का, यकृत बाहेर आहे का, हृदयाच्या आत काय आहे, फुप्फुसे किती वाढली आहेत आणि बाळंतपण कुठे होणार आहे. शेवटची गोष्ट तुमच्या हातात आहे.

हा लेख मुख्यतः आईवडील आणि घरच्यांसाठी आहे. पहिल्या तासाचा भाग लहान प्रसूतिगृहातल्या सिस्टर आणि मेडिकल ऑफिसर यांनाही उपयोगी पडेल.

आधी ओळख: कोणता दोष कोणता

गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गर्भ एखाद्या चपट्या चकतीसारखा असतो. करंजीची पारी दुमडून कड दाबावी तशा त्याच्या कडा पुढे वळतात, मधोमध जुळतात आणि छाती-पोटाची पुढची भिंत तयार होते. कड कुठे सुटली आणि किती सुटली, यावर दोषाचा प्रकार ठरतो.

इथेच एक गोष्ट घरात मोठ्याने सांगून टाका. ही जुळणी होते तेव्हा आईला पाळी चुकल्याचे जेमतेम लक्षात आलेले असते. पाचव्या महिन्यातले ग्रहण, तेव्हा हातात धरलेली सुरी, खाल्लेली पपई, चढलेला जिना यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. बहुतेक वेळा घराण्यात आधी असे कुणी नसते आणि ठोस कारणही सापडत नाही. हे नवऱ्याने किंवा सासूबाईंनी सांगितले तर बाईच्या मनावरचे निम्मे ओझे उतरते. डॉक्टरांनी सांगून तेवढे उतरत नाही.

आता प्रकार. ऑम्फॅलोसीलमध्ये बेंबीच्या जागीच भोक असते आणि आतडी, कधी यकृतही, एका पातळ पारदर्शक पिशवीत बाहेर असतात. नाळ त्या पिशवीवरच लागलेली असते. साधारण ४ ते ५ हजार जन्मांत एक असे हे प्रमाण आहे. याच्यासोबत हृदयाचे आणि गुणसूत्रांचे दोष बऱ्याचदा असतात, म्हणून पुढच्या तपासण्या टाळून चालत नाही.

गॅस्ट्रोस्कायसिसमध्ये नाळ जागेवर असते. भोक तिच्या शेजारी, जवळजवळ नेहमी उजवीकडे असते, आणि आतडी पिशवीशिवाय उघडीच गर्भजलात तरंगत असतात. हा कमी वयाच्या आईच्या बाळांत जास्त दिसतो. गुणसूत्रांचा दोष सोबत क्वचितच असतो. दोन्ही ठिकाणी आतडी बाहेर असली तरी पुढची वाट वेगळी आहे. रिपोर्टवर यातले कोणते, हे स्पष्ट लिहिलेले असलेच पाहिजे.

छातीकडे गेलो की दोष विरळ होतात. उरोस्थी, म्हणजे छातीचे मधले हाड, जुळले नाही की स्टर्नल क्लेफ्ट. हृदय छातीच्या बाहेर असेल तर एक्टोपिया कॉर्डिस. दहा लाख जन्मांत हे पाच ते आठ बाळांमध्ये आढळते. आणि पाच गोष्टी एकत्र आल्या की कँट्रेल: बेंबीच्या वर पोटाच्या भिंतीत फट, उरोस्थीच्या खालच्या भागात दोष, श्वासपटलाचा (छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याचा) पुढचा भाग नाही, त्याला लागून असलेले हृदयावरण नाही, आणि हृदयाच्या आत दोष. कँट्रेल, हॅलर आणि रॅविच यांनी १९५८ मध्ये हे एकत्र मांडले. १९७२ मध्ये टोयामा यांनी त्याचे तीन वर्ग केले: पाचही असतील तर निश्चित, चार असतील तर संभाव्य (त्यात हृदयाचा आणि पोटाच्या भिंतीचा दोष हवाच), आणि त्याहून कमी पण उरोस्थीचा दोष असलेला तो अपूर्ण. तुमच्या कागदावर ‘कँट्रेल’ एवढेच लिहिले असेल तर पाचांपैकी किती आणि कोणते दिसले, हा पहिला प्रश्न.

पहिली पायरी: रिपोर्ट पुन्हा, नीट

बाराव्या आठवड्याच्या आत ‘आतडी बाहेर दिसतात’ असे कुणी म्हटले तर धीर धरा. साधारण आठव्या आठवड्यापासून आतडी नाळेच्या बुंध्यात उतरतात आणि बाराव्यापर्यंत आत परततात. हे सगळ्याच बाळांत घडते. यकृत बाहेर दिसणे मात्र कोणत्याही आठवड्यात नैसर्गिक नाही.

बाराव्या आठवड्यानंतर निदान झाले तर फीटल मेडिसिनच्या, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या आजारांच्या, तज्ज्ञांकडून स्कॅन पुन्हा करून घ्या. जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरे तिथेच लिहून घ्या:

- पिशवी आहे का? नाळ पिशवीवर लागली आहे की शेजारी?
- भोक किती सेंटिमीटर? पिशवीत यकृत आहे का? ५ सेंटिमीटरपेक्षा मोठे आणि यकृत बाहेर, तर त्याला जायंट ऑम्फॅलोसील म्हणतात.
- भोक बेंबीच्या जागी आहे की त्याच्या वर सरकले आहे? वर सरकले असेल तर उरोस्थी, श्वासपटल आणि हृदय मुद्दाम तपासले का?
- हृदय जागेवर आहे का? हृदयाभोवती पाणी दिसते का? वरच्या बाजूच्या ऑम्फॅलोसीलसोबत हृदयाभोवती पाणी असेल तर कँट्रेलची शंका घ्यावी लागते.
- पाठीचा कणा सरळ आहे का? हातपाय पूर्ण आहेत का? नाळेची लांबी नेहमीसारखी आहे का?
- मूत्राशय भरलेले दिसते का? मूत्रपिंडे दोन्ही आहेत का?

कणा आणि नाळेचा प्रश्न विसरू नका. कणा खूप वाकलेला, नाळ अगदी आखूड आणि बाळ वारेला चिकटल्यासारखे दिसत असेल तर तो बॉडी स्टॉक अ‍ॅनोमली हा वेगळा दोष असू शकतो, आणि त्यात बाळ जगत नाही. कँट्रेल आणि हा, घाईच्या स्कॅनमध्ये एकमेकांसारखे दिसतात. इथे गल्लत झाली तर पुढचे सगळे निर्णय चुकीच्या पायावर उभे राहतात.

मुलगा की मुलगी हे मात्र विचारू नका. लिंगनिदान बंदी कायद्याने कुणीही ते सांगू शकत नाही, आणि इथे त्या माहितीचा काही उपयोगही नाही.

दुसरी पायरी: तपासण्या आणि कॅलेंडर

अ‍ॅनोमली स्कॅन १८ ते २० आठवड्यांत करून घ्या. २२ पर्यंत ढकलू नका. फीटल इको, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, १८ ते २४ आठवड्यांत होतो. तो नेहमीच्या सोनोग्राफीत ‘हृदय पाहिले’ म्हणतात त्यापेक्षा वेगळा असतो: हृदयाचे चारही कप्पे, पडदे, झडपा आणि मोठ्या वाहिन्या एकेक करून पाहतात. कँट्रेलमध्ये दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यातले छिद्र सर्वांत जास्त आढळते. त्याखालोखाल वरच्या पडद्यातले छिद्र, फॅलोटचा चतुर्दोष (हृदयातले चार ठरावीक दोष एकत्र) आणि डाव्या खालच्या कप्प्याला फुटलेला फुगा, म्हणजे डायव्हर्टिक्युलम. बाळाचे भवितव्य बहुतांशी या तपासणीवर ठरते. पोटाचे भोक कितीही भीतिदायक दिसले तरी.

गर्भजल तपासणी, म्हणजे अ‍ॅम्नियोसेंटेसिस, १५-१६ आठवड्यांनंतर होते. ऑम्फॅलोसील किंवा कँट्रेल असेल तर ती करावी. ट्रायसोमी १३ किंवा १८ (त्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन असणे) आहे का, हे कळल्याशिवाय पुढे शस्त्रक्रियेची चर्चा करणे अर्धवट ठरते. मायक्रोअ‍ॅरेचा (गुणसूत्रांच्या बारीक तपासणीचा) रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणून नमुना लवकर द्या. डॉक्टरांनी बेकविथ-वीडेमान सिंड्रोमचे (जन्मतः असणाऱ्या अतिवाढीच्या आजाराचे) नाव काढले तर त्याची तपासणी वेगळी मागावी लागते, नेहमीच्या गुणसूत्र तपासणीत ते दिसत नाही.

फुप्फुसांची वाढ मोजायला शेवटच्या तिमाहीत एमआरआय करतात. जायंट ऑम्फॅलोसीलमध्ये तो खरोखर उपयोगी पडतो, कारण या बाळांची छाती अरुंद आणि फुप्फुसे लहान राहू शकतात.

आता कायद्याची बाजू. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भातल्या गंभीर दोषासाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. २४ च्या पुढे राज्याच्या मेडिकल बोर्डाची परवानगी लागते आणि बोर्डाने अर्ज आल्यापासून ३ दिवसांत मत द्यायचे असते. गर्भ ठेवायचा की नाही हे आईच ठरवणार. आठवडे मात्र रिपोर्टांची वाट पाहत थांबत नाहीत. १९ व्या आठवड्याचा स्कॅन, २० व्याला फीटल इको आणि गर्भजलाचा नमुना, २३ व्याच्या आत पेडियाट्रिक सर्जन (लहान मुलांचे शल्यतज्ज्ञ) व हृदयतज्ज्ञ दोघांशी एकत्र बोलणे: असे कॅलेंडर लावले तर निर्णय घाईत घ्यावा लागत नाही. दोघांना वेगवेगळे भेटलात तर एक म्हणतो ‘पोटाचे होऊन जाईल’ आणि दुसरा म्हणतो ‘हृदयाचे नंतर बघू’. दोन्ही एकाच बाळात कसे होणार, हे कुणीच सांगत नाही.

तिसरी पायरी: बाळंतपणाची जागा

बाळ पोटात असताना नेणे हा सर्वांत सुरक्षित प्रवास. आईचे पोट हे जगातले सर्वांत चांगले इनक्युबेटर आहे, त्यामुळे ३४ व्या आठवड्याच्या आसपास नाव अशा ठिकाणी नोंदवा जिथे प्रसूती, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि पेडियाट्रिक सर्जरी एकाच आवारात आहेत. मुंबईत परळचे वाडिया आणि केईएम, पुण्यात ससून, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज ही चौकशी सुरू करायची सरकारी आणि धर्मादाय ठिकाणे. हृदयाचा दोष असेल तर ‘तुमच्याकडे नवजात बाळाची हृदयशस्त्रक्रिया होते का, आणि होत नसेल तर कुठे पाठवता?’ हा प्रश्न वेगळा विचारा. पेडियाट्रिक सर्जरी आहे म्हणजे नवजात हृदयशस्त्रक्रिया आहेच असे नाही.

जागेने किती फरक पडतो? ७४ देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. त्यात गॅस्ट्रोस्कायसिसची बाळे श्रीमंत देशांत शंभरातली एक-दोनच दगावली. मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे ३२ आणि गरीब देशांत ९०. दोष तोच, शस्त्रक्रियाही साधारण तीच. वेळेवर न पोहोचणे, थंड पडणे, जंतुसंसर्ग आणि शिरेतून पोषण न मिळणे, बाळे जातात ती यात.

सीझर लागेलच असे नाही. गॅस्ट्रोस्कायसिस आणि लहान ऑम्फॅलोसीलमध्ये नैसर्गिक प्रसूती चालते. यकृत बाहेर असलेले मोठे ऑम्फॅलोसील आणि एक्टोपिया कॉर्डिस यांत बहुधा सीझर करतात, कारण पिशवी फाटण्याची आणि यकृताला इजा होण्याची भीती असते.

पैशांचे आधीच बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन बाळंतपणाच्या आधी त्याला भेटा आणि बाळाचे नाव कार्डावर नसताना कोणता कागद चालेल ते विचारा. हृदयाच्या दोषासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांचे दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात) बाळाची नोंद करून घ्या. सरकारी रुग्णालयात आजारी अर्भकाचे उपचार आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत असते. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड तपासा.

चौथी पायरी: जन्मानंतरचा पहिला तास

निदान आधी झालेले नसते आणि तालुक्याच्या प्रसूतिगृहात असे बाळ अचानक जन्मते, हेही घडते. अशा वेळी जे हाताशी असेल त्यात हा क्रम पाळा.

१. नाळेचा चिमटा दूर लावा. पिशवीच्या कडेपासून किमान ५ सेंटिमीटर पुढे. शंका असेल तर आणखी पुढे. लहान ऑम्फॅलोसीलमध्ये आतड्याची एखादी वळी नाळेच्या जाड बुंध्यात लपलेली असते. ‘नाळ जरा जाड आहे’ म्हणून नेहमीच्या जागी चिमटा लावला तर आतडेच चिमटते. जाड, फुगीर बुंधा दिसला की तो उजेडासमोर धरून बघा.

२. गॅस्ट्रोस्कायसिस असेल किंवा पिशवी फाटली असेल तर बाळाला पायांकडून निर्जंतुक पारदर्शक पिशवीत काखेपर्यंत घाला. अशी पिशवी नसेल तर बंद पाकिटातली नवी युरोबॅग निर्जंतुक कात्रीने उघडून आतड्यांवर लावली तरी चालते. पारदर्शक हवी, कारण आतड्यांचा रंग सतत दिसला पाहिजे. नुसते ओले गॉज गुंडाळणे ही नेहमीची चूक: ते काही मिनिटांत गार होते, बाळाची उष्णता ओढून घेते, वाळले की आतड्याला चिकटते.

३. पिशवी शाबूत असेल तर कोमट सलाइनमध्ये भिजवलेले न चिकटणारे गॉज आणि त्यावर प्लास्टिकचे आवरण. पिशवीवर दाब नको, पट्टी आवळायची नाही, आणि काहीही आत ढकलायचे नाही.

४. गॅस्ट्रोस्कायसिसच्या बाळाला उजव्या कुशीवर ठेवा, आतडी पोटाच्या मध्यावर येतील अशी आधार देऊन. ती एका बाजूला लोंबली तर त्यांच्या रक्तवाहिन्या पिळतात. दर १५ मिनिटांनी रंग बघा. गुलाबी होती ती जांभळट झाली तर आधी बाळाची कूस आणि आतड्यांचा पीळ तपासा, लगेच सर्जनला फोन करा.

५. हृदय बाहेर असेल तर त्यावर कोमट सलाइनचे न चिकटणारे गॉज किंवा निर्जंतुक प्लास्टिकचा पातळ थर, एवढेच. हृदय आत ढकलू नका. छातीत त्याला जागा नसते. ढकलले की मोठ्या वाहिन्या मुडपतात आणि क्षणात रक्तदाब कोसळतो. अंगावर ब्लँकेट टाकताना ते हृदयावर टेकणार नाही असे उंच धरा.

६. तोंडातून ८ किंवा १० फ्रेंचची नळी जठरात घाला, दर १५-२० मिनिटांनी सिरिंजने ओढा आणि मधल्या वेळी तिचे टोक उघडे ठेवा. दूध, मध, बाळघुटी, पाणी काही नाही.

७. श्वास लागत असेल तर अँब्यूने (हाताने दाबायच्या हवेच्या पिशवीने) मास्कवर जास्त वेळ हवा देऊ नका. ती जठरात आणि आतड्यांत जाते, आतडी फुगतात आणि बाहेरचा भाग आणखी मोठा होतो. श्वासनलिकेत नळी घालता येणारा माणूस जवळ असेल तर ती लवकर घाला.

८. तापमान ३६.५ ते ३७.५ अंश. डोक्याला टोपी, वॉर्मर चालू, खोलीतला पंखा बंद. उघड्या आतड्यांवरून पाणी उडते आणि त्याबरोबर उष्णताही जाते, त्यामुळे ही बाळे इतर बाळांपेक्षा फार लवकर थंड पडतात.

९. सलाइनची सुई हातात लावा. शक्यतो पायात नको, कारण पोटात दाब वाढला तर पायातला रक्तप्रवाह मंदावतो. पहिल्या दिवशी १० टक्के डेक्स्ट्रोज साधारण ६० मिली प्रति किलो. आतडी उघडी असतील तर पाणी जास्त उडते, म्हणून गरजेनुसार नॉर्मल सलाइन १० मिली प्रति किलो वेगळे द्यावे लागते. नाळेच्या शिरेत कॅथेटर घालायचा मोह टाळा.

१०. साखर तासाभरात तपासा. जीभ मोठी, कानाच्या पाळीवर चिरा आणि ऑम्फॅलोसील असे एकत्र दिसले तर बेकविथ-वीडेमान असू शकतो. या बाळांची साखर अचानक खाली जाते. ती झटक्याने मेंदूला इजा करते. ४५ च्या खाली गेली की उपचार सुरू.

११. व्हिटॅमिन के १ मिलिग्रॅम मांडीत, आणि पहिले अँटिबायोटिक. उजव्या हाताला पल्स ऑक्सिमीटर.

हलवण्याआधी पुढच्या रुग्णालयाला फोन करून खाट आहे का ते विचारा. १०८ ची गाडी मागवताना ‘नवजात बाळ, व्हेंटिलेटरची गाडी हवी’ असे स्पष्ट सांगा. सोबत द्यायचे: आईच्या रक्ताचा ५ मिली नमुना (बाळाचे रक्त जुळवायला लागतो), सोनोग्राफीचे सगळे कागद, जन्माची वेळ व वजन, आणि कोणते औषध किती वाजता दिले याची चिठ्ठी. ही चिठ्ठी राहिली की व्हिटॅमिन के दोनदा टोचले जाते, नाहीतर एकदाही नाही.

पाचवी पायरी: शस्त्रक्रिया, किंवा तिची वाट पाहणे

लहान ऑम्फॅलोसील पहिल्या एक-दोन दिवसांत एकाच शस्त्रक्रियेत बंद होते. गॅस्ट्रोस्कायसिसमध्ये आतडी सहज मावत असतील तर तेव्हाच बंद करतात. नाहीतर सायलो लावतात: आतड्यांवर सिलिकॉनची उभी पिशवी टांगून ती रोज थोडी थोडी खाली दाबायची, चार-पाच दिवसांपासून आठवड्याभरात आतडी आत जातात आणि मग टाके. ओढून ताणून बंद केले तर पोटातला दाब वाढतो. लघवी कमी होणे, पाय सुजणे किंवा निळसर पडणे, व्हेंटिलेटरचा दाब वाढवावा लागणे, ही त्याची चिन्हे. मग टाके उघडावे लागतात. घरच्यांनी ‘एकदाच काय ते करून टाका’ असा आग्रह धरू नये.

जायंट ऑम्फॅलोसीलला बहुधा घाईची शस्त्रक्रिया करतच नाहीत. पिशवीवर रोज किंवा दिवसाआड सिल्व्हर सल्फाडायझिनसारखे मलम किंवा पोव्हिडोन आयोडीन लावतात. पिशवी आधी सुकून कडक खपली होते, मग कडेकडून कातडी तिच्यावर चढत जाते. याला तीन-चार महिने सहज लागतात. सर्जन काहीच करत नाहीत असे घरच्यांना वाटते, पण या बाळांत हीच पद्धत सुरक्षित आहे, कारण छोट्या पोटात मोठे यकृत कोंबले तर फुप्फुसांना आणि रक्ताभिसरणाला ते झेपत नाही. मग पोटावर कातडीने झाकलेला मोठा हर्निया राहतो; तो एक ते तीन वर्षांच्या दरम्यान बंद करतात.

आयोडीन चालू असेल तर टीएसएच तपासणी मागून घ्या, कारण कातडीतून शिरलेले आयोडीन थायरॉइड मंद करते. जुन्या पद्धतीतले मर्क्युरोक्रोम किंवा स्पिरिट कुणी सुचवले तर नाही म्हणा. पारा आणि मद्यार्क दोन्ही पिशवीतून अंगात भिनतात.

स्टर्नल क्लेफ्ट मात्र लवकर, शक्यतो पहिल्या महिन्यात शिवतात. तेव्हा बरगड्या मऊ असतात आणि दोन कडा जवळ आणता येतात. उशीर झाला तर छाती ताठरते, कडा जोडल्या की हृदय दाबले जाते आणि कूर्चा किंवा जाळी घालावी लागते. बाळ श्वास घेताना मधला भाग आत खचतो, रडताना बाहेर फुगतो आणि कातडीखाली हृदयाचे ठोके दिसतात, अशी ही ओळख. सोबत चेहऱ्यावर मोठा लाल डाग असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्याही तपासायला सांगा.

कँट्रेल आणि एक्टोपिया कॉर्डिसमध्ये क्रम असा. आधी हृदयावर आणि पोटावर कातडी किंवा पडद्याचे आच्छादन, श्वासपटलाची फट बंद करून छाती आणि पोट वेगळे. हृदयाचा आतला दोष त्यानंतर, बाळाने थोडे वजन धरल्यावर. तो जीवघेणा असेल तर आधी. हाडाचे छत शेवटी, वाढीच्या वयात. मधल्या वर्षांत हृदयावर हाड नसते, म्हणून छातीच्या मापाचे कडक प्लास्टिकचे कवच घालायला देतात. पडणे, चेंडू लागणे, भावंडाचा गुडघा बसणे यांपासून तेच वाचवते.

छातीच्या बाहेर हृदय असलेल्या बाळाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया अमेरिकेत सी. एव्हरेट कूप यांनी १९७५ मध्ये केली. २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये लेस्टरच्या ग्लेनफिल्ड हॉस्पिटलात जन्मलेली एक मुलगी तीन शस्त्रक्रियांनंतर जगली; तिच्या जन्माच्या वेळी सुमारे ५० जणांचे पथक तयार होते. ही बातमी लोक पुढे पाठवत राहतात. उमेद यायला चांगली आहे, पण आपल्या बाळाचा अंदाज तिच्यावरून बांधू नका. पूर्ण कँट्रेल आणि हृदयाचा मोठा दोष असलेल्या बाळांतली बरीच आजही वाचत नाहीत.

उडणारी बेंबी

हे वेगळे सांगायला हवे, कारण सौम्य कँट्रेल कधी कधी कुणालाच कळत नाही. बाळ गुटगुटीत दिसते, रडते, पिते. फक्त बेंबीच्या वर लिंबाएवढा फुगवटा असतो आणि तो उडतो. आजी सांगतात, ‘बेंबी आली आहे, नाणे बांधा.’ साधा बेंबीचा हर्निया रडताना फुगतो आणि शांत झाल्यावर बसतो. हा मात्र नाडीच्या ठेक्यात, बाळ झोपलेले असतानाही उडत राहतो. तो डाव्या कप्प्याचा फुगा असू शकतो, श्वासपटलाच्या फटीतून खाली उतरलेला.

ओळखायला बोट हलके ठेवा, दुसऱ्या हाताने मनगटाची किंवा दंडाची नाडी धरा. दोन्ही एकाच वेळी येत असतील तर तिथे काही बांधू नका, दाबून आत घालू नका, सुई टोचून पाणी काढायचे तर नावच नको. हा फुगा फुटू शकतो. त्याच दिवशी टूडी इको, मग कॉन्ट्रास्ट सीटी, आणि शस्त्रक्रिया हृदय व बालशल्य दोन्ही विभागांनी मिळून. साधा हर्निया समजून टेबलावर घेतले आणि आत हृदय निघाले, हे टाळण्यासाठी इकोचा रिपोर्ट हाती असल्याशिवाय अशा फुगवट्याला कुणी हात लावू नये. आतला दोष लहान असेल तर ही बाळे बहुधा चांगली होतात.

घरी आल्यावर

घरी सोडण्याआधी मलमपट्टी सिस्टरसमोर तुम्ही स्वतः दोनदा करून दाखवा. पिशवी वाळत असेल तर हात धुऊन, सांगितलेले मलम, न चिकटणारे गॉज, वर सैल गुंडाळी. अंघोळ नाही, पुसून घ्यायचे. तेलमालीश करायला मावशी येत असतील तर पोट आणि छाती सोडून हातापायांपुरते. हळद, राख, शेण, टाल्कम पावडर काही नाही.

वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करा. दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. हृदयाचा दोष असलेले बाळ पिताना घामाघूम होते आणि दमून सोडते. त्याला थोडे थोडे, दोन-अडीच तासांनी पाजा. वजन वाढत नसेल तर आईच्या दुधात काय मिसळायचे ते डॉक्टरच सांगतील, डब्यातल्या पावडरचा चमचा स्वतःहून वाढवू नका. लसी थांबवू नका. मांडीवरच्या लसींना पोटाच्या शस्त्रक्रियेची अडचण नाही.

लगेच निघायचे ते केव्हा: हिरवी उलटी, पोट ताठ, पिशवीचा वास किंवा तिच्या कडेला लाली, ताप किंवा अंग गार, श्वास मिनिटाला ६० च्या वर, ओठ निळे, सलग दोन वेळा न पिणे. यातल्या हिरव्या उलटीला सकाळ होण्याची वाट पाहू नये. या मुलांची आतडी जन्मतः नेहमीच्या जागी वळलेली नसतात, त्यामुळे ती पुढेही पिळू शकतात. पीळ पडला की काही तासांत आतडे मरते.

याच कारणाने एक गोष्ट डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून घ्या आणि त्या कार्डाचा फोटो आईवडील दोघांच्या फोनमध्ये ठेवा: आतड्यांची जागा बदललेली आहे, अपेंडिक्स डावीकडे असू शकते, यकृत मध्यावर कातडीखाली आहे, हृदयासमोर हाड नाही, यांपैकी जे लागू असेल ते. दहा वर्षांनी डावीकडे पोट दुखते म्हणून मूल एखाद्या अनोळखी दवाखान्यात जाईल, तेव्हा समोरचा डॉक्टर डावीकडच्या दुखण्यात अपेंडिक्सचा विचार सहसा करत नाही. हृदयाचा दोष असेल तर दातांच्या डॉक्टरांनाही दात काढण्याआधी हेच कार्ड दाखवायचे.

पुढच्या गरोदरपणाचा विचार असेल तर आधी किमान तीन महिने फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा, साखर असेल तर ती आटोक्यात आणा, आणि या बाळाचा गुणसूत्रांचा रिपोर्ट घेऊन जेनेटिक काउन्सेलरला भेटा. रिपोर्ट सामान्य असेल तर दोष पुन्हा येण्याची शक्यता कमी असते. तरी ११ ते १४ आठवड्यांतला स्कॅन आणि २० व्या आठवड्याच्या आसपासचा फीटल इको त्या वेळीही करून घ्या.